मोठ्या मापाच्या बांगड्या

सोमवारची आढावा बैठक म्हटलं की मला आजही आधी वास येतो, माणसं मागाहून आठवतात. तुरीच्या भुशाचा, घामाचा आणि मोसंबीच्या सालींचा वास. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता, पण जिल्ह्याच्या ऑफिसांना बसायला धड जागा नव्हती. आमचं पाणीटंचाईचं ऑफिस एका बंद पडलेल्या डाळमिलच्या गोदामात थाटलं होतं. खुर्च्या उस्मानाबादहून ट्रकमध्ये घालून आणल्या आणि येता येता निम्म्यांचे पाय गेले. त्यामुळे बैठकीला पुढचे साहेबलोक खुर्चीवर आणि मागचे ओव्हरसियर, कारकून गोणपाटावर. मी नांदेडहून बदलून आलेली लघुलेखिका. साहेब बोलतील ते भराभर टिपायचं आणि मग त्याचं इतिवृत्त टाइप करायचं, एवढं माझं काम. त्या अख्ख्या गोदामात बाई म्हणून मी एकटी.

दुष्काळ लांबला होता. विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि आमच्या ऑफिसात दिवसभर एकच विषय, कुठल्या गावाला टँकर गेला आणि कुठल्या गेला नाही. त्याचा हिशेब सोमवारी साहेबांपुढे द्यायचा. साहेब गोरेगोमटे, कडक इस्त्रीचे, बोलणं शुद्ध आणि मऊ. त्यांना बैठकीत मोसंबी खायची सवय होती. तब्येतीसाठी, असं ते म्हणायचे. समोर कुणी उभा राहून सांगतोय की अमक्या गावच्या बाया आडात उतरून वाटीवाटीनं पाणी खरवडून घागरीत भरतायत, आणि साहेब फोड तोंडात धरून चोखतायत. बिया बशीत थुंकायचे. एकदा एक बी उडून माझ्या वहीवर पडली. ओली. मी ती पेन्सिलच्या टोकानं खाली ढकलली आणि लिहीत राहिले. बैठक संपली की साहेब तांब्याभर पाण्यानं खळखळून चुळा भरायचे आणि शिपाई खाली घमेलं धरून उभा असायचा. टँकर पुरवणाऱ्या ऑफिसात हे चालायचं. घमेल्यातलं ते पाणी बघून मला डबा खाववत नसे.

चुळांचं एक वेळ सोडा. साहेबांना माणसं सुधारण्याचा भारी सोस होता, त्याची मला जास्त शिसारी. "मी बोलतो ते तुमच्या भल्यासाठी," अशी प्रस्तावना करून ते एकेकाला उभं करायचे. नावानं हाक कधी नाही. ज्याच्याकडे जो भाग तेच त्याचं नाव. "उठा औसा, काय दिवे लावलेत ते सांगा." "निलंगा, तुमच्या डोक्यालाही टँकर लावायचा का?" मग हशा. हसणं सक्तीचं होतं, कारण जो हसला नाही तो पुढचा. औसा रडकुंडीला आला की सगळ्यात मोठ्यानं निलंगा हसायचा, त्याची पाळी होऊन गेलेली असायची म्हणून. पन्नाशीची, पोरीबाळींची लग्नं केलेली माणसं. घरी गेली की ताटावर बसून बायकोवर खेकसत असतील, आणि इथं दुसऱ्याची फजिती झाली की मांड्या थोपटायची. मला साहेबांइतकीच यांचीही किळस यायची, हे लपवत नाही.

मी काही पहिल्यांदाच साहेब बघत नव्हते. नांदेडला आमचे हेडक्लार्क म्हणजे निजामाच्या काळात नोकरीला लागलेले, उर्दू शाळेत शिकलेले एक मुसलमान गृहस्थ. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांना साधुसंत करायचं काही कारण नाही. पानाच्या पिचकाऱ्यांनी त्यांनी जिन्याचा कोपरा असा रंगवून ठेवला होता की मी पदर आवळून, श्वास धरून वर चढायची. जेवणानंतर खुर्चीतच घोरायचे आणि सहीसाठी आलेली माणसं ताटकळत बसायची. पण एकदा आमच्या एका कारकुनानं एका गावच्या धान्याचा आदेश त्याच नावाच्या दुसऱ्याच गावाला धाडला आणि ट्रक भलत्या तालुक्यात जाऊन उभा राहिला. मोठा बोभाटा झाला. आता चाचा याची सालटी काढणार म्हणून आम्ही माना खाली घालून बसलो. चाचांनी त्याला जवळच्या स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, "पैले ये बोलो, हुआ क्या. किसने किया, वो बाद में देखेंगे."

झालं काय ते दहा मिनिटांत कळलं. त्या दिवसापासून गावाच्या नावापुढे तालुक्याचं नाव तांबड्या शाईनं लिहायचं, असा चाचांनी हुकूम काढला आणि तशी चूक पुन्हा झाली नाही. कारकून मात्र सुटला नाही. दुसऱ्या दिवशी चाचांनी त्याला आत घेतलं, दार लावलं आणि बराच वेळ झापलं. आत काय बोलणं झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. मी एकदा आडून आडून विचारलं तर चाचा म्हणाले, "वो उसकी बात है, बाई. तुमको क्या करना?" कारकून बाहेर आला, रांजणाशी जाऊन तोंड धुतलं आणि कामाला लागला. कामाबद्दल माणसाला बोलायचं कसं, याबद्दल मला जे काही कळतं ते एवढंच, आणि तेवढं कळायला फार अक्कल लागत नाही असा माझा समज होता. लातूरला तो फिटला.

मुरुडकडचे टँकर एका तरुण ओव्हरसियरकडे होते. तो किनवटच्या जंगलातल्या गावचा, आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेला. नोकरी अजून पक्की व्हायची होती आणि ती पक्की करायची की नाही हे साहेबांच्या हातात. त्याला एक खोड होती. विचारलं की खरं सांगायचा. गोड करून सांगायची कला वसतिगृहात शिकवत नसावेत. पहिल्याच बैठकीत तो गोणपाटावरून उठून म्हणाला, "साहेब, हितून नकाशा दिसत न्हाई, फुडं येऊन बसू का?" आणि खरोखर पुढे येऊन साहेबांच्या टेबलापाशी मांडी घालून बसला. मला तो पोरगा तेव्हापासून आवडला. सायकलवरून गावोगाव हिंडायचा, प्रत्येक आडात स्वतः डोकावून यायचा आणि दिसलं ते सांगायचा. सगळ्या ऑफिसात खरं काय ते कळायचं असेल तर त्याला विचारावं लागे.

तर त्याच्या भागातले टँकर ज्या विहिरीवर भरायचे ती विहीर आटत चालली होती. शेजारीच एका बड्या बागायतदाराची विहीर होती, दुष्काळातही काठोकाठ. ती सरकारनं ताब्यात घ्यावी असा आदेश तयार करून त्यानं साहेबांपुढे सहीला ठेवला होता. साहेब सही करत नव्हते. का करत नव्हते ते शिपायालाही ठाऊक होतं. साहेबांच्या मोसंब्या त्याच विहिरीच्या पाण्यावरच्या. दर रविवारी बागायतदाराची जीप करंडी घेऊन साहेबांच्या बंगल्यावर जायची आणि सोमवारी त्या सालींचा वास आमच्या नाकात.

एका गुरुवारी साहेबांनी मला बोलावलं. "बाई, तुम्ही एक काम करा. गोलाईतून दोन डझन बांगड्या आणा. हिरव्या. मोठ्या मापाच्या बघा. सोमवारी छोटासा कार्यक्रम आहे." मला वाटलं, साहेबांच्या घरी काहीतरी असेल. त्यांच्या मंडळी अंगानं भरलेल्या होत्या, तेव्हा मोठ्या मापाचंही नवल वाटलं नाही. संध्याकाळी मी गंजगोलाईच्या बाजारात मणियाराच्या दुकानी गेले. दुकानावर त्याची म्हातारी आई बसली होती. तिनं माझा हात धरून माप बघितलं तर मी म्हटलं, माझ्या नाहीत, साहेबाच्या बायकोच्या आहेत. म्हातारीनं मग आतले बंद डबे काढले. मी एकेक बांगडी दुसरीवर वाजवून बघितली. बोदा आवाज आला की ती चिरलेली असते. चिरलेल्या निघाल्या त्या बदलून घेतल्या. परक्याच्या लेकीसुनेच्या हातात जायच्या, म्हणून निवडून पाखडून घेतल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळून साहेबांच्या टेबलावर ठेवल्या.

सोमवारी साहेब फार खुशीत होते. दोघा-तिघांची नेहमीसारखी हजामत झाली आणि मग म्हणाले, "मुरुड, पुढे या. परवा दोन गावांना टँकर गेला नाही. का?"

तो उठला. "साहेब, हिरीत गाळच उरलाय. मागच्या सोमवारी सांगितलं व्हतं मी. शेजारची हीर ताब्यात घ्यायचा आदेश निघाला की दुसऱ्या दिवशीपासून खेपा चालू करतो. आदेश तुमच्याकडं सहीला हाय."

साहेब चोखायचे थांबले. "म्हणजे चूक माझी?"

"चूक न्हाई साहेब. सही ऱ्हायलीय."

कुणी हसलं नाही. हसावं की नाही हे कुणाला कळेना. साहेबांनी तोंडातला चोथा बशीत काढला, रुमालानं बोटं एकेक करून पुसली आणि ड्रॉवर उघडला. आतून वर्तमानपत्राची पुडी निघाली. माझी पुडी. मला पुढचं सगळं एका क्षणात कळलं.

"पुरुषासारखा पुरुष कारणं सांगत नाही," साहेब म्हणाले. "कारणं सांगणाऱ्यांसाठी आजपासून मी सोय केली आहे. हे तुमच्या भल्यासाठीच. हात पुढे करा."

त्यांनी शिपायाला बांगड्या भरायला सांगितलं. मापं मोठी होती, तरी पुरुषाचा पंजा तो. शिपाई ओशाळून, घाईघाईनं रेटायला लागला. एक फुटली, दुसरी फुटली, त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी काच लागून रक्त आलं. उरलेल्या कशाबशा गेल्या. "बैठक संपेपर्यंत काढायच्या नाहीत," साहेब म्हणाले, आणि मग जो हशा पिकला तो मी आयुष्यात विसरणार नाही. औसा हसला, निलंगा हसला. एकानं मागून विचारलं, "मुरुडबाई, कुंकू आणू का?" आणि पुन्हा सगळे खदखदले. तो पोरगा दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभा होता. मागे घेतले तरी बांगड्या वाजायच्या थोड्याच राहतात.

माझ्याही हातात हिरव्या बांगड्या होत्या. त्या घालून मी पहाटे भाकरी थापल्या होत्या, नळावर भांडून दोन घागरी आणल्या होत्या आणि आता या सगळ्या मर्दांचे बोल लिहून घेत होते. लिहिताना त्या वहीवर किणकिणत होत्या. यांच्या लेखी माणसाची सगळ्यात मोठी बेइज्जती म्हणजे त्याला माझ्यासारखं करणं. आणि त्याचं सामान आणायलाही मलाच धाडलं होतं. त्यांच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही की खोलीत एक बाई बसली आहे. मी पेन्सिल ठेवली आणि विचारलं, "साहेब, बांगड्यांचं इतिवृत्तात घेऊ का?"

साहेब हसले. "बाई, विनोद कळत नाही का तुम्हाला? पुढे घ्या."

बैठकीनंतर तो ऑफिसच्या मागे डोळे पुसत बांगड्या काढत बसला होता. फोडून टाकायला हव्या होत्या, पण तो अंगठा आत मुडपून एकेक जपून काढत होता. मी सांगितलं की त्या मीच आणल्या, कशासाठी ते मला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "तुमी कशाला वाईट वाटून घेता, ताई? चांगल्या हायत. मायला व्हतील." एवढं बोलून त्यानं त्या खिशात घातल्या. मला त्याच्यापेक्षा मोठ्यानं रडू येईलसं वाटलं.

"पुढच्या सोमवारीही खरंच सांग," मी म्हटलं. "तू नाही सांगितलंस तर या गावांचं कुणी सांगणार नाही."

तो खिशातल्या बांगड्या चाचपत उठला. मग म्हणाला, "बगू, ताई. नोकरी पक्की व्हायचीय. घरी समदे माझ्याच तोंडाकडं बगून राहिलेत."

त्या दिवसापासून मला एकच घोर लागला. साहेब तर सुधारणार नव्हतेच. हा पोरगा खरं बोलायचं सोडतो की काय, याची मला भीती वाटायला लागली. तो गप्प झाला की त्या दोन गावांचं पाणी तुटलं, इतका सरळ मामला होता.

पुढच्या शनिवारी साहेबांनी पुन्हा बांगड्या आणायला सांगितलं. मी नाही म्हणाले. "अहो, एवढं काय त्यात? तुम्ही घालताच की," साहेब म्हणाले, आणि डोळे बारीक करून माझ्या हातांकडे बघून हसले. ते हसणं अंगावर पाल पडावी तसं होतं. माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातल्या सगळ्यांना बसवून एक गोष्ट बजावली होती, की हात जोडायचे ते मनापासून, भीतीपोटी नाही. मी म्हटलं, "घालते, साहेब. म्हणूनच आणणार नाही." त्यांनी शिपायाला पाठवलं. शिपायानं लहान मापाच्या आणल्या, म्हणून त्याचीही सुधारणा झाली.

सोमवारी साहेबांनी पुकारा केला, "मुरुड?"

"सुरळीत आहे, साहेब."

मी वर बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. टेबलापाशी बसायचा तो आता मागे, भिंतीला टेकून उभा होता.

"पाहिलंत?" साहेब सगळ्यांना म्हणाले. "एका मात्रेत गुण आला. माणसाला लागेल असं बोललं की माणूस सुधारतो." आणि पुढ्यातली एक मोसंबी उचलून त्यांनी त्याला दिली. त्यानं घेतली. शेजाऱ्यानं डिवचलं तेव्हा सोलून खाल्लीही.

मग सगळेच सुरळीत झाले. औसा सुरळीत, निलंगा सुरळीत. बैठका अर्ध्या वेळात आटपायला लागल्या. मी 'सुरळीत' हा शब्द इतका टाइप केला की पुढे कुणी सहज बोलण्यात वापरला तरी मला कसनुसं व्हायचं. बाहेर बाया घागरी घेऊन दिवस दिवस रस्त्यावर बसलेल्या आणि आत आमचा जिल्हा पाण्यानं भरलेला. मी त्याला दोनदा गाठून विचारलं. पहिल्यांदा तो म्हणाला, "करतो काहीतरी." दुसऱ्यांदा मला बघून त्यानं सायकल वळवली.

एक दिवस मुरुडकडच्या त्या दोन गावांतल्या बायाच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून ऑफिसवर आल्या. रिकाम्या घागरी आपटत गोदामात शिरल्या. पुढे एक काळीसावळी, उंच म्हातारी. तिनं साहेबांच्या टेबलावर पदरातून एक पुरचुंडी सोडली. आत बांगड्या.

"घ्या, भरा हातात," ती म्हणाली. "पानी देणं हुत न्हाई ना? मग बसा घरी."

आमच्या ऑफिसातल्या मर्दांना काय आनंद झाला म्हणता! दाराआडून, फायलींआडून माना बाहेर आल्या. साहेबाला साहेबाचंच औषध. मलाही क्षणभर हसू फुटणार होतं, पण म्हातारीच्या हातांकडे लक्ष गेलं. आडात उतरून उतरून कोपरापर्यंत सोललेले हात, आणि त्यात राहिलेल्या दोन-तीन बांगड्या. मी न राहवून विचारलं, "मावशी, बांगड्या कशाला आणल्या?"

"मग काय आणावं, बाई? दगडं मारली तर पोलीस धरतेत. ह्येच लागतं बाप्यायला."

तिचंही खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं. तिलासुद्धा दुसरं हत्यार ठाऊक नव्हतं.

साहेब मात्र पक्के. बांगड्यांना हातही न लावता म्हणाले, "मला तर पाणी सुरळीत असल्याचं सांगितलं गेलं. मुरुड, पुढे या. या माउलींना सांगा, तुम्ही मला काय सांगत होता."

तो पुढे आला. म्हातारीनं त्याला ओळखलं. "तू तर रोज येऊन आडात बगून जात व्हतास की रं लेकरा. साहेबाला सांगितलं न्हाईस?"

तो बोलेना. मला वाटलं, आता बोलेल. साक्षीला इतक्या बाया उभ्या होत्या, तो बोलला असता तर त्या त्याला उचलून घेऊन गेल्या असत्या. तो बोलत नाही असं दिसलं तेव्हा मी उठले. "यानं सांगितलं होतं," मी म्हटलं. "विहीर आटल्याचं, आदेशावर सही राहिल्याचं, सगळं भर बैठकीत सांगितलं होतं. इतिवृत्तातून नंतर ते वगळलं, पण मी स्वतः ऐकलंय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्याच्याकडे बघत, अगदी मऊ आवाजात म्हणाले, "असं म्हणतात बाई. सांगितलं होतंत का तुम्ही?"

गोदामात घागरीसुद्धा वाजायच्या थांबल्या. तो साहेबांच्या टेबलाकडे बघत होता.

"नाही, साहेब," तो म्हणाला. "ताईंचा काहीतरी गैरसमज झालाय. चूक माझीच आहे."

म्हातारी त्याच्या अंगावर थुंकली. खरोखर थुंकली, सदऱ्यावर. इतके दिवस तोंडाला पाणी नसलेल्या बाईनं तेवढी थुंकी कुठून आणली कुणास ठाऊक. तो तसाच उभा राहिला. मी खाली बसले आणि मला जे वाटलं ते सरळ सांगते, मला त्या क्षणी त्याचा राग आला नाही. मला ओकारी आली. मागच्या बाजूला जाऊन मी ओकलेही. त्या संध्याकाळी साहेबांनी आदेशावर सही केली, विहीर ताब्यात आली, टँकर सुरू झाले आणि पेपरात साहेबांच्या तत्परतेचं कौतुक छापून आलं. काही महिन्यांनी त्या पोराची नोकरी पक्की झाली. त्यानं ऑफिसभर पेढे वाटले. माझ्या टेबलावर शिपायाकरवी पाठवले.

मी नांदेडला बदली मागून घेतली. बरीच वर्षं गेली. चाचा केव्हाच रिटायर झाले होते, जिन्याचा कोपरा मात्र नवीन लोकांनी तसाच तांबडा ठेवला होता. माझी नोकरी संपत आली होती तेव्हा एका बैठकीसाठी लघुलेखक मिळेना, म्हणून मला दुसऱ्या ऑफिसात पाठवलं. गावोगावच्या नळयोजनांचा आढावा होता. साहेब आत आले आणि मला बघून थबकले.

"ताई! ओळखलं का?"

तोच. पोट सुटलेलं, केस रंगवलेले, बोलणं इतकं शुद्ध की किनवट कुठं शोधूनही सापडू नये. त्यानं मला शेजारची चांगली खुर्ची दिली, चहा मागवला, मुलाबाळांची चौकशी केली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. चला, माणूस उभा राहिला, असं वाटलं.

मग बैठक सुरू झाली आणि तो म्हणाला, "उठा बिलोली."

एक पिकल्या केसांचे ओव्हरसियर उठले, रिटायर व्हायला आलेले, त्याच्याहून वयानं कितीतरी मोठे. म्हणाले, "साहेब, त्या गावची मोटर जळालीय. पाणी बंद हाय. नवी मोटर मंजूर करा म्हणून मी दोनदा येऊन गेलो."

"म्हणजे मी झोपलो होतो?" तो हसत म्हणाला. बांगड्या काढल्या नाहीत त्यानं. त्याची तऱ्हा निराळी होती, वसतिगृहातली असावी. "कान धरा. दोन्ही. पुढचे विषय होईपर्यंत तसेच उभे राहा. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय." त्या म्हाताऱ्या माणसानं दोन्ही हातांनी कान धरले. खोलीतले सगळे हसले. मी आधी लगेच वर बघितलं नाही. मग बघितलं, तर साहेबाच्या खुर्चीतला तोही हसत होता, आणि त्याचं ते हसणं मी आधी दुसऱ्याच्या तोंडावर बघितलेलं होतं.

बैठक संपल्यावर त्यानं मला थांबवलं. "कठोर वाटलो का, ताई? इलाज नसतो. आठवतं ना, त्या दिवशी मला रडू आलं होतं? पण आज सांगतो, त्या साहेबांनीच मला घडवलं. नाहीतर मी सायकलवरून आडात डोकावतच राहिलो असतो."

"हो," मी म्हटलं. "तेच करायचास तू." चहा तसाच ठेवून मी उठले. त्याला वाटलं मी त्याचं कौतुक केलं, कारण तो दारापर्यंत पोचवायला आला.

बाहेर व्हरांड्यात ते म्हातारे ओव्हरसियर चप्पल घालत होते. कान अजून लाल होते. त्यांना काय बोलावं मला सुचेना. मी विचारलं, "मग त्या मोटरचं आता कसं करणार?"

"आता कशाची मोटर, बाई," ते म्हणाले. "फुडच्या बैठकीत पानी चालू झालं म्हणून सांगून टाकतो."